दिवाणखान्यात उतरलेला एव्हरेस्ट

रायसेन रस्त्यालगतच्या आमच्या आनंद नगरातून खरी उंच भूमी पाहावयाची तर थेट पचमढीच्या धूपगडाकडे धाव घ्यावी लागते, आणि मध्य प्रदेशाचे ते सर्वोच्च शिखरही जेमतेम 1350 मीटरांचे आहे. अशा सपाट मुलुखातील एखाद्या मध्यमवर्गीय घरात 8848 मीटरांचा एव्हरेस्ट चित्रपटाच्या तबकडीवरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उतरतो, तेव्हा त्यातले काय घरात येते आणि काय उंबरठ्याबाहेरच राहते, हे विचार करण्याजोगे आहे.

ज्या चित्रपटामुळे हा विचार सुचला तो 'एव्हरेस्ट' आयमॅक्स पद्धतीने चित्रित होऊन 1998 साली प्रदर्शित झाला. ग्रेग मॅकगिलिव्हरे त्याचे निर्माते व सहदिग्दर्शक, आणि प्रत्यक्ष पर्वतावर कॅमेरा चालवून दिग्दर्शनाचा भार वाहिला तो डेव्हिड ब्रेशिअर्स यांनी. 1983 साली एव्हरेस्टच्या माथ्यावरून दूरचित्रवाणीचे पहिले थेट चित्र जगाला दाखविले तेही त्यांनीच. आयमॅक्समध्ये फीत कॅमेऱ्यातून आडवी धावते, आणि तिच्यावरील एकेक चौकट सामान्य 35 मिलीमीटर चौकटीच्या जवळजवळ दहापट असते. या विस्तारामुळेच बहुमजली इमारतीएवढ्या पडद्यावरही बर्फाचा कण न् कण स्पष्ट राहतो. पण त्याची किंमतही तशीच जबर. पाचशे फुटांची फीत अवघ्या दीड मिनिटात संपते. नेहमीचा आयमॅक्स कॅमेरा इतका अवजड की तो खास हलका करवून मूळच्या सुमारे निम्म्या वजनावर आणावा लागला. त्यानंतरही तो, भिंगे, तिपाई आणि फितींचा सारा सरंजाम शेर्पांच्या पाठीवरूनच वर गेला. कडाक्याच्या थंडीत फीत बसविताना ब्रेशिअर्स हातमोजे काढून ठेवीत, कारण बोटांना तिची कड नीट जाणवली नाही तर दीड मिनिटाचे ते चित्रण वाया जाण्याचा धोका असे.

1996 च्या मे महिन्यात चित्रपटाचे पथक चढाईला सिद्ध असतानाच 10 तारखेच्या वादळाने पर्वतावर आठ जणांचा बळी घेतला. गर्दी आणि वाऱ्याचा रंग पाहून ब्रेशिअर्स यांचे पथक आधीच खाली उतरले होते. आपत्तीची वार्ता येताच त्यांनी चित्रीकरण बाजूला सारले आणि स्वतःच्या चढाईसाठी वर साठविलेला प्राणवायू संकटग्रस्तांसाठी मोकळा केला. चित्रपटातील हा अध्याय मला शिखरदर्शनाहून मोठा वाटतो. नेपाळी सेनेचे लेफ्टनंट कर्नल मदन के. सी. विरळ हवेत हेलिकॉप्टर उतरवून जखमींना नेतात, आणि मृत्यूच्या दारी असलेले गिर्यारोहक रॉब हॉल बिनतारी यंत्रावरून न्यूझीलंडमधील आपल्या गर्भवती पत्नीशी बोलतात. या प्रसंगांसाठी भव्य पडद्याची गरज नाही, उलट घरातील शांततेतच ते अधिक खोल रुततात. पुढे 23 मे रोजी पथक माथ्यावर पोहोचले, आणि तेनझिंग यांचे पुत्र जामलिंग यांनी वडिलांनंतर 43 वर्षांनी त्याच हिमावर पाऊल ठेवले.

मात्र जे हरवते तेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आयमॅक्सच्या प्रेक्षकाची नजर स्वाभाविकपणे पडद्याच्या खालच्या भागावर स्थिरावते, म्हणून छायालेखक माणसांना बहुधा तेथेच ठेवतो, आणि वरचे आकाश केवळ जाणवण्यासाठी मोकळे सोडतो. घरी तेच आकाश रिकामी जागा भासते. खुंबूच्या हिमप्रपातात विवरावर आडव्या टाकलेल्या ॲल्युमिनियमच्या शिडीवरून पथकातील गिर्यारोहक आरासेली सेगारा पाऊल टाकते तेव्हा मोठ्या पडद्यापुढे आपल्याच तळपायांना मुंग्या येतात. घरी तिच्या धैर्याचे आपल्याला कौतुक वाटते, एवढेच. तरी जुन्या, चौकोनी पडद्याच्या संचांनी या चित्रपटावर एक उपकार केला होता. आयमॅक्सची चौकटही जवळपास चौकोनी, त्यामुळे रुंदपट चित्रपटांसारखी तिची काटछाट करण्याची वेळ फारशी येत नसे. आजच्या रुंद संचावर मात्र चित्र ताणू देऊ नये. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहिल्या तर त्या खुशाल राहू द्याव्यात, कारण चित्र भरून दाखविण्याच्या हव्यासात वरचे आकाश आणि खालचा बर्फच कापला जातो.

घरच्या तबकडीचा खरा लाभ आहे तो थांबण्याच्या मुभेत. चित्र थांबवून शेर्पाच्या पाठीवरील ओझे पाहावे, दोरीच्या गाठी पाहाव्यात, श्वासागणिक पडणारे पाऊल पुन्हा मागे नेऊन पाहावे. असे पाहणे पुढेही उपयोगी पडते. हा चित्रपट पडद्यावर आला त्याच वर्षी, 1998 च्या मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण यांच्या रूपाने महाराष्ट्राचा पहिला गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचला, 2012 साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे पथक तेथे गेले, आणि 2019 मध्ये आमच्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यातील मेघा परमार यांनी तो माथा गाठला. अशा चढायांचा वृत्तान्त वर्तमानपत्रात वाचताना 'दक्षिण खिंड', 'तिसरा तळ', 'हिमप्रपात' हे शब्द सामान्य वाचकाला नुसते भूगोलाचे वाटतात. ही तबकडी एकदा सावकाश पाहिलेल्याला त्या प्रत्येक जागी किती श्रम पडतात, याचा अदमास येतो.