फोन अपडेट झाला अन् गाडीच्या स्क्रीनवर नकाशा येईना? नवा डेक घेण्याआधी हे तपासा

रात्री फोन चार्जिंगला लावला, अपडेट आपोआप बसला आणि सकाळी भाडं घेऊन निघायची वेळ झाली तर गाडीच्या स्क्रीनवर नकाशा नाही, गाणी नाहीत, फोनही लागत नाही. केबल काढा, परत लावा, तरी स्क्रीन काळीच. सध्या अनेक गाडीमालकांना आणि ड्रायव्हरांना हा अनुभव येतो. मग कोणी सांगतं डेक गेला, कोणी सांगतं फोन खराब झाला. दुकानात गेलं की आठ-दहा हजारांचा नवा डेक समोर ठेवला जातो. प्रत्यक्षात अशा बऱ्याच वेळा ना डेक खराब असतो ना फोन. दोघांचं एकमेकांशी जुळणं तेवढं तुटलेलं असतं, आणि ते घरच्या घरी, पैसा न घालवता परत जोडता येतं.

स्क्रीन गाडीची, काम फोनचं

गाडीच्या स्क्रीनवर गुगल मॅप दिसतो तेव्हा तो गाडीत नसतो. तो फोनमध्येच चालतो. फोन त्याचं चित्र केबलमधून किंवा वायफायवरून गाडीच्या स्क्रीनला पाठवतो, आणि तुम्ही स्क्रीनला बोट लावलं की तो इशारा उलट फोनकडे जातो. घरच्या टीव्हीसारखंच हे. चित्र टीव्हीवर दिसतं, पण काम सगळं सेट टॉप बॉक्स करतो. इथे सेट टॉप बॉक्स म्हणजे तुमचा फोन.

हे जोडणारं सॉफ्टवेअर अँड्रॉइड फोनसाठी 'अँड्रॉइड ऑटो' आणि आयफोनसाठी 'कारप्ले'. कारप्ले २०१४ मध्ये आलं, तर अँड्रॉइड ऑटो २०१५ पासून लोकांच्या हातात आलं. सुरुवातीला अँड्रॉइड ऑटो वेगळं डाउनलोड करावं लागायचं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ते फोनमध्येच आलेलं असतं. म्हणून अनेकांना हे नावसुद्धा माहीत नसतं. केबल लावली की नकाशा येतो, एवढंच माहीत असतं.

अपडेटमुळे बिघडतं ते नेमकं काय?

फोनचं सॉफ्टवेअर वर्षातून अनेकदा बदलतं. गाडीच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर मात्र गाडी घेतली तेव्हाचंच राहतं. सर्व्हिस सेंटरवाल्याने कधी आठवणीने अपडेट केलं तर ठीक, नाहीतर तेही नाही. एक नवं बोलतो, दुसऱ्याला जुनंच कळतं. त्यातून गडबड साधारण चार प्रकारे होते.

पहिला प्रकार ओळखीचा. फोन आणि गाडी जोडताना आधी एकमेकांची ओळख पटवतात. अपडेटनंतर फोनची ओळख पटवायची पद्धत थोडी बदलली, तर जुनी साठवलेली ओळख चालत नाही. फोन चार्ज होतो, पण नकाशा येत नाही.

दुसरा प्रकार परवानगीचा. मोठ्या अपडेटनंतर काही सेटिंग मूळ जागी जातात. यूएसबीला 'फक्त चार्जिंग' लागतं, लोकेशन किंवा कॉन्टॅक्टची परवानगी निघते, नाहीतर बॅटरी वाचवण्यासाठी फोन अँड्रॉइड ऑटोला मागे झोपवून ठेवतो.

तिसरा प्रकार वायरलेसचा. बिनकेबलच्या जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, नकाशाचं चित्र वायफायवरून जातं. त्यासाठी बहुतेक फोनमध्ये अँड्रॉइड ११ किंवा पुढचं लागतं, शिवाय फोनला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय असावं लागतं. या साखळीतली एक कडी सुटली तरी सगळं अडतं. फोन लागतो, गाणी वाजतात, पण नकाशा नाही, असं असेल तर ब्लूटूथ ठीक आहे आणि अडचण वायफायच्या बाजूला आहे असं समजा.

चौथा प्रकार लक्षात न येणारा. फोनचा मोठा अपडेट आलेलाच नसतो, पण प्ले स्टोअरने अँड्रॉइड ऑटो किंवा गुगल मॅप गुपचूप नवा केलेला असतो. 'मी तर काहीच केलं नाही' असं ड्रायव्हर म्हणतो ते खरंच असतं.

हे फक्त स्वस्त फोनमध्ये होतं असं नाही. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या महागड्या गॅलक्सी एस २३ फोनवरही केबल लावून अँड्रॉइड ऑटो सुरू होत नसल्याच्या तक्रारी अनेक देशांतून आल्या होत्या. त्याच वर्षी काही ठरावीक गाड्यांमध्ये वायरलेस चार्जिंगवर ठेवल्यावर आयफोन १५ ची पैसे देण्याची सोय बंद पडण्याचे प्रकार झाले. त्यावर ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये १७.१.१ हा अपडेट काढला. म्हणजे अपडेटने बिघाड होतो तसा बिघाड दुरुस्तही अपडेटनेच होतो.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचा तरी दुसरा फोन तुमच्या गाडीला, तुमच्याच केबलने लावा. तो चालला तर गाडी आणि केबल ठीक, दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये. तोही चालला नाही तर केबल बदलून पाहा. तरीही नाही, तर मग तुमचा फोन दुसऱ्याच्या गाडीला लावा. तिथे चालला तर अडचण तुमच्या गाडीच्या स्क्रीनमध्ये आहे. एवढं केलं की दुकानदारासमोर अंदाजाने बोलावं लागत नाही.

क्रमाने हे करून पाहा

हे सगळं गाडी उभी करून, हँडब्रेक लावून करा. एक उपाय केला की लगेच जोडून बघा. जमलं तर पुढचं करायची गरज नाही.

१. फोन बंद करून चालू करा. गाडीही पूर्ण बंद करून, दार उघडून, पाचेक मिनिटांनी सुरू करा. नुसती चावी मागे-पुढे केली तर काही गाड्यांची स्क्रीन खरी बंद होतच नाही.

२. केबल बदला. बाजारातल्या अनेक स्वस्त केबलमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, पण नकाशा कधीच येत नाही. दुकानात 'डेटा केबल' असं सांगूनच मागा. ती एक मीटरपेक्षा लांब नको. फोनबरोबर आलेली केबल असेल तर उत्तम. कधी कधी केबल आधीच मरायला टेकलेली असते आणि नाव अपडेटचं होतं.

३. फोनचं छिद्र बघा. शेतरस्त्याची धूळ आणि खिशातला कापूस त्यात घट्ट बसतो, मग पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी घालू नका.

४. केबल लावल्यावर फोनच्या वरच्या पट्टीत यूएसबीची सूचना येते. तिच्यावर दाबा आणि 'चार्जिंग'ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' किंवा 'अँड्रॉइड ऑटो' निवडा.

५. गाडीच्या घड्याळातली तारीख आणि वेळ बघा. बॅटरी बदलली किंवा धक्का देऊन गाडी सुरू केली की काही गाड्यांचं घड्याळ मागे जातं. ओळख पटवताना तारीखही तपासली जाते. ती चुकीची असेल तर जोडणी नाकारली जाऊ शकते. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

६. जुनी ओळख पुसा. फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधाच्या जागी 'अँड्रॉइड ऑटो' लिहा. आत आधी जोडलेल्या गाड्यांची यादी असते, तिथून सगळ्या गाड्या काढून टाका. ब्लूटूथच्या यादीतूनही गाडीचं नाव काढा. मग गाडीच्या स्क्रीनवर जाऊन तुमच्या फोनचं नाव काढा. दोन्हीकडून पुसल्याशिवाय उपयोग होत नाही. त्यानंतर नव्याने जोडा आणि फोन ज्या परवानग्या मागेल त्या द्या.

७. प्ले स्टोअरमध्ये अँड्रॉइड ऑटो, गुगल आणि गुगल मॅप हे तिन्ही अपडेट करा. तरी जमलं नाही तर सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत अँड्रॉइड ऑटो उघडून 'कॅशे' साफ करा.

८. बॅटरी सेव्हर बंद करा. अँड्रॉइड ऑटोच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये निर्बंध असेल तर काढा. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. वायरलेस जोडत असाल तर वायफाय, ब्लूटूथ आणि लोकेशन तिन्ही चालू हवेत. मागच्या सीटवरच्या पोरांना हॉटस्पॉट दिलेला असेल तर तोही बंद करून बघा.

आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'कारप्ले' उघडून आपली गाडी 'फरगेट' करावी आणि नव्याने जोडावी. 'सिरी' बंद असेल तर कारप्ले चालत नाही. लहान मुलांसाठी 'स्क्रीन टाइम'चे निर्बंध लावलेले असतील तर त्यात कारप्ले अडकलेलं नाही ना, तेही बघावं.

गाडी कंपनीची स्क्रीन असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी 'स्क्रीनचा अपडेट आला आहे का' एवढं आवर्जून विचारा. तो पेनड्राइव्हने किंवा इंटरनेटवरून होतो. चालू असताना गाडी बंद करू नका, अर्ध्यात तुटला तर स्क्रीन खरोखर बंद पडू शकते.

दुकानातून बसवलेल्या डेकचं वेगळं

जुन्या गाडीत कार डेकोरवाल्याकडून बसवलेल्या स्वस्त अँड्रॉइड डेकमध्ये फोन जोडायला बहुतेक वेळा 'झेडलिंक'सारखं वेगळं ॲप असतं. ते बनवणाऱ्यांकडून पुढे अपडेट मिळेलच याची खात्री नसते. म्हणून डेक घेतानाच दुकानदाराला सांगा, 'माझ्याच फोनवर जोडून दाखवा.' बिल घ्या, डेकचा मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्या. फोन जोडला जातच नसेल आणि डेकमध्ये सिम किंवा वायफायची सोय असेल, तर त्याच्यावर सरळ गुगल मॅप चालवणं हा बिनखर्चाचा मार्ग आहे.

मग अपडेट बंदच ठेवावा का?

नाही. आज फोनमध्येच बँक आहे, फोनपे-गुगलपे आहे, आधार आहे, शेतीच्या अनुदानाचे मेसेज आहेत. अपडेटबरोबर सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जातात. नकाशासाठी अपडेट कायमचा अडवणं म्हणजे दिवाणखान्यात पंखा नीट चालावा म्हणून घराचं दार उघडं टाकण्यासारखं आहे.

पण अपडेट कधी घ्यायचा, हे आपल्या हातात आहे. दर महिन्याचा छोटा सुरक्षा अपडेट लगेच घ्या. अँड्रॉइडची आख्खी आवृत्ती बदलणारा मोठा अपडेट असेल तर आठ-दहा दिवस थांबायला हरकत नाही. तोवर मोठे दोष समोर येतात आणि दुरुस्तीही निघू लागते. लग्नाचं भाडं, पेशंटला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं काम किंवा लांबची यात्रा असेल तर आदल्या रात्री मोठा अपडेट घेऊ नका. सेटिंगमध्ये रात्री आपोआप अपडेट होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करून ठेवा.

अपडेट उलटा फिरवून जुना आणणं सोपं नाही. एखादा मोबाइलवाला 'फ्लॅश मारून देतो' म्हणाला तर सावध राहा. त्यात फोनमधले फोटो, नंबर पुसले जातात, आणि फोनचं मूळ कुलूप उघडलं असेल तर बँकेची ॲप चालायची बंद होऊ शकतात.

इथेही फसवणूक होते

अडचण आली की माणूस इंटरनेटवर नंबर शोधतो. वर दिसणारा प्रत्येक 'कस्टमर केअर' नंबर खरा नसतो. कंपनीचा नंबर गाडीच्या पुस्तकातून किंवा फोनच्या बॉक्सवरून घ्या. 'नवीन अँड्रॉइड ऑटो' म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. अँड्रॉइड ऑटो फुकट आहे, ते प्ले स्टोअरमधूनच मिळतं. दुरुस्तीसाठी कोणी स्क्रीन शेअर करायला, ओटीपी सांगायला किंवा 'दहा रुपये भरा' म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

चालत्या गाडीत हात लावू नका

या सगळ्यात खरा धोका वेगळाच आहे. नकाशा गेला की ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फोन चाळू लागतो. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. स्क्रीनकडे तीन सेकंद बघितलं तर पन्नास मीटर रस्ता न बघता कापला जातो. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर तेवढ्यात शाळेची पोरं, बैलगाडी, वळणारा ट्रॅक्टर, काहीही पुढे येऊ शकतं.

कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. त्यात पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, तुरुंगवास किंवा दोन्हीची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता बघण्यासाठी फोन वापरायला मुभा आहे, पण ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने.

म्हणून दोन तयाऱ्या करून ठेवा. एक, डॅशबोर्डवर साधा मोबाइल होल्डर लावा, म्हणजे स्क्रीन रुसली तरी फोन समोर दिसेल आणि आवाजावर रस्ता कळेल. दोन, गुगल मॅपमध्ये आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्याचा ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करा. घाटात रेंज गेली तरी तो चालतो. आणि तेही नसेल तर गाडी बाजूला घेऊन पुढच्या फाट्यावरच्या टपरीवर विचारा. कोणता पूल पाण्याखाली आहे अन् कुठला रस्ता उकरून ठेवलाय, हे तिथे बसलेल्यांना गुगलच्या आधी कळलेलं असतं.