आधी शांतता, मग हेडफोन

हेडफोन म्हटलं की लोकलमध्ये कानात बोंडं घालून बसलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. आज बोलायचं आहे ते वेगळ्या जातीच्या हेडफोनविषयी. हे घरात बसून ऐकायचे. काहींची किंमत लाखाच्या पुढे जाते, आणि एवढे पैसे मोजूनही त्यांच्या वाट्यांना मागून नुसती जाळी असते! यांना ‘ओपन-बॅक’ म्हणतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं १९६८ साली असा पहिला हेडफोन, एचडी ४१४, बाजारात आणला.

मागची बाजू उघडी का ठेवायची? आम्हा मावळातल्या माणसांना हे चटकन कळावं. कार्ल्याच्या चैत्यगृहात हाक मारा. सुमारे ४५ मीटर लांबीच्या त्या दगडी दालनात आवाज भिंतींवर आपटून परत येतो, रेंगाळतो. तीच हाक लोहगडाच्या विंचूकाट्यावर मारा, वाऱ्याबरोबर निघून जाते. हेडफोनमधला पडदा कानाकडे आवाज करतो, तसाच पाठीमागेही. वाटी बंद असेल तर मागचा आवाज आतच घुमतो. उघडी असेल तर बाहेर पडतो, आणि गाणं डोक्यात कोंडल्यासारखं न वाटता भोवती पसरतं.

लोणावळ्याच्या एका मित्रांकडे असे तीन हेडफोन आहेत. ते मी सवडीनं ऐकले. कसोटीला घेतला तंबोरा. मिरजेचे शिकलगार कारागीर पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडवत आले आहेत. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तारेखाली धागा सरकवून जवारी लावली की एकाच तारेतून कितीतरी स्वर उमलतात. ते वेगवेगळे ऐकू येतात की नुसता गुंजारव होतो, यावरून हेडफोनची पारख होते.

सेनहायझरचा एचडी ६५० गळ्याचा आवाज उबदार ठेवतो, पण जवारीची वरची चमक थोडी मऊ करतो. एचडी ८०० एस मध्ये ती चमक लख्ख दिसते. तबला इकडे, पेटी तिकडे, अशी बैठकच समोर मांडली जाते. तिसरा ऑडेझीचा एलसीडी-२. त्यात नेहमीच्या पडद्याऐवजी चुंबकांजवळ ताणलेली पातळ फिल्म सबंधच हलते. खर्ज भरदार येतो. पण वजन अर्ध्या किलोच्या आसपास, त्यामुळे तासाभरात मान बोलू लागते.

मग सर्वांत महाग तोच उत्तम का? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या लावल्या आणि निकाल फिरला. त्या मोनो ध्वनिमुद्रणात डावं-उजवं नाहीच. महागडा हेडफोन ते आणणार कुठून? तबकडीची खरखर मात्र त्यानं अधिक स्पष्ट केली. खाँसाहेबांसाठी मला एचडी ६५० च बरा वाटला. तुलना करताना एक पथ्य पाळा: सगळ्यांचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा हेडफोन कानाला उगाचच सरस वाटतो. शिवाय सेनहायझरचे हे दोन्ही ३०० ओहमचे. त्यांना साध्या मोबाइलचा जोर पुरेलच असं नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. जाळीतून आतलं बाहेर जातं, तसं बाहेरचंही आत येतं. शनिवार-रविवारी आमच्याकडे पर्यटकांच्या गाड्या आणि बंगल्यांवरचे डीजे सुरू झाले, की तंबोरा त्यात बुडतो. मग हात आपोआप आवाज वाढवतो, आणि नुकसान इथेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबलला तीच मर्यादा जेमतेम ४ तासांवर येते. पन्नाशी ओलांडल्यावर वरचे बारीक स्वर आधीच कानातून गळू लागतात. ते परत येत नाहीत. हेडफोन मोडला तर दुसरा घेता येतो, कानाचं तसं नाही.

म्हणून विकत घेण्याआधी घरातली सर्वांत शांत वेळ कोणती ते पाहा. ती नसेल तर लाखाचा हेडफोनही वाया. आणि ती असेल, तर साध्या हेडफोनवरसुद्धा आवाज एक पायरी खाली आणून ऐका. सुरुवातीला कमी वाटेल. पाच मिनिटांत कान स्थिरावतो आणि तंबोऱ्यातला गंधार आपणहून पुढे येतो.