चालत्या प्रोग्रॅमची उलटतपासणी

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाचं नाव देवनागरीत लिहिलं की युनिकोडच्या हिशेबात १२ चिन्हं आणि मधे एक मोकळी जागा होते. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि मोकळ्या जागेला १, म्हणजे एकूण ३७. रोमनमध्ये हेच नाव १५ बाइटांत मावतं. आता समजा, सी भाषेतल्या एखाद्या नोंदणी प्रोग्रॅममध्ये गावाच्या नावासाठी ३२ बाइटांची जागा ठेवली आहे. शेवटचा बाइट शून्याचा, उरले ३१. तिथे कात्री लागली की ‘पिंपळगाव रा’ एवढंच हाती राहतं. तुकडा नेमका चिन्हाच्या सीमेवर पडतो, त्यामुळे पडद्यावर चौकटी उमटत नाहीत, प्रोग्रॅम कोसळत नाही, लॉगमध्येही सगळं आलबेल दिसतं. रोमन नावं घालून केलेल्या चाचण्या तर केव्हाच पार पडलेल्या असतात. लॉगमध्ये काय लिहायचं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. जी शंका त्याला आलीच नाही तिची नोंद तिथे कुठून असणार? प्रोग्रॅम चालू असताना, तो न बदलता, नवा प्रश्न विचारता येणं हीच माझ्या मते लिनक्स कर्नलमधल्या यूप्रोबची खरी कमाई आहे. वेगाची चर्चा त्यानंतरची.

हा प्रश्न विचारला कसा जातो ते जवळून पाहण्यासारखं आहे. यूप्रोबला पत्ता द्यायचा तो फाइलचा आणि तिच्यातल्या जागेचा. ती फाइल ज्या ज्या प्रोसेसच्या मेमरीत येते, तिथे कर्नल त्या पानाची वेगळी प्रत काढतो आणि ठरलेल्या सूचनेचा पहिला बाइट बदलतो. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर तिथे ‘सीसी’ हा ब्रेकपॉइंटचा बाइट बसतो. डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राहते. प्रोसेसर त्या बाइटवर आला की कर्नलमध्ये शिरतो, कर्नल हवी ती रजिस्टरं वाचून घेतो, झाकलेली मूळ सूचना बाजूला राखलेल्या जागेत चालवली जाते आणि प्रोग्रॅम पुढे निघतो. आपल्या उदाहरणात नाव एसएनप्रिंटएफ या फंक्शननं उतरवलं जात असेल, तर आत शिरताना दुसऱ्या आर्ग्युमेंटच्या रजिस्टरमध्ये ३२ दिसतील. बाहेर पडताना उत्तर येईल ३७, कारण जागा पुरली असती तर किती बाइट लिहिले असते तेच हे फंक्शन परत सांगतं. म्हणजे नाव कापलं गेल्याचं प्रोग्रॅमला त्याच क्षणी कळवलेलं होतं. त्यानं ते उत्तर कानाआड केलं. (कंपायलर कधी कधी या फंक्शनऐवजी त्याचं जास्त काटेकोर तपासणी करणारं भावंड वापरतो. मग प्रोब मूळ नावावर ताटकळत बसतो आणि माणूस उगाच कर्नलवर संशय घेतो.)

डीबगर लावूनही हे दिसलं असतं, हे खरं. पण डीबगर किंवा एसट्रेस हे चालत्या गाडीला खीळ घालणारे: प्रत्येक थांब्यावर प्रोसेस उभी राहते, दुसरा प्रोग्रॅम जागा होतो, मग पहिल्याला मोकळीक मिळते. शिवाय ते धरतात प्रोसेसला, तर यूप्रोब धरतो कोडला, म्हणून अजून सुरूही न झालेली प्रोसेस त्यात आपोआप येते. कर्नलच्या स्वतःच्या कोडसाठी अशी सोय २००४ मध्ये, २.६.९ या आवृत्तीत आली होती. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमसाठी ती ३.५ मध्ये, जुलै २०१२ मध्ये यायला जवळजवळ आठ वर्षं गेली. आयबीएमचे जिम केनिस्टन आणि श्रीकर द्रोणमराजू यांनी ते काम पुन्हा पुन्हा मांडलं. झाकलेली सूचना चालवण्यासाठी दुसऱ्याच्या मेमरीत जागा घ्यावी का, यावर तर चांगलीच खडाजंगी झाली. माझ्या मते ती अनाठायी नव्हती. दुसऱ्याच्या घरात खुंटी ठोकायची तर आधी विचारलेलं बरं.

आक्षेप अर्थातच आहेत. पहिला खर्चाचा. ब्रेकपॉइंटमार्गे कर्नलची एक फेरी ढोबळमानाने एका मायक्रोसेकंदाच्या आसपास धरली, तर सेकंदाला १० लाख वेळा चालणाऱ्या फंक्शनवर प्रोसेसरचा एक अख्खा कोअर त्यातच खपेल. ‘नको त्या नोंदी गाळून टाकू’ हे त्यावर उत्तर नव्हे, कारण गाळणी लागते ती कर्नलमध्ये शिरल्यावर. प्रोब एकाच प्रोसेसपुरता बांधला तर मात्र इतरांच्या पानांना हात लागत नाही, आणि नोंदणीचा प्रोग्रॅम काही सेकंदाला लाखभर गावं लिहीत नाही. दुसरा आक्षेप गो भाषेतल्या प्रोग्रॅमचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. फंक्शनमधून परतताना पकडायचं तर स्टॅकवरचा परतीचा पत्ता बदलावा लागतो. गोचा रनटाइम मात्र चालता चालता स्टॅक दुसरीकडे हलवतो. तिथे असा प्रोब लावणं म्हणजे प्रोग्रॅम पाडण्याला आमंत्रण.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि त्याला ‘रूटला तसंही सगळं दिसतंच’ एवढं उत्तर पुरत नाही. ओपनएसएसएलच्या लिहिण्याच्या फंक्शनवर प्रोब बसवला की कुलूपबंद होण्याआधीचा मजकूर उघडा वाचता येतो. डीबगर जोडला तर प्रोसेसच्या स्थितीत त्याची खूण दिसते; यूप्रोबची तशी खूण तिथे उमटत नाही. अधिकार जुनाच असला तरी तो गुपचूप वापरणं सोपं झालं, हे कबूल करायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर अशा नोंदींत आलेली माणसांची नावंही जबाबदारीचीच बाब ठरतात. म्हणून प्रोब लिहिताना मजकूर न छापता केवळ लांबी छापावी. वरच्या शोधात कुणाचं नाव, कुणाचं गाव हे कळण्याची गरजच नव्हती. ३२ आणि ३७ हे दोन आकडे पुरेसे होते.