निधी आला, पण पचला का?

‘अमुक भाग मागास आहे, कारण तिथे संशोधनाला निधी कमी मिळतो.’ प्रपोजलमध्ये हे वाक्य आपण सहज लिहून जातो. पण निधी वाढवला की प्रश्न सुटेल का?

२००२ साली ओटन, लँडाबासो आणि मॉर्गन यांनी ‘रीजनल इनोव्हेशन पॅराडॉक्स’ मांडला. ज्या भागाला सरकारी निधीची गरज सगळ्यात जास्त, त्याच भागाची तो वापरण्याची ताकद सगळ्यात कमी असते. या ताकदीला ‘ॲब्सॉर्प्टिव्ह कपॅसिटी’ म्हणतात. कोहेन आणि लेव्हिन्थल यांनी १९९० मध्ये ही कल्पना कंपन्यांसाठी मांडली होती: बाहेरचं ज्ञान ओळखणं, पचवणं, वापरणं. पुढे ती प्रदेशांनाही लावली गेली.

समजा, एका जिल्ह्याच्या कॉलेजला महागडं उपकरण मिळालं. पण ते चालवायला प्रशिक्षित माणूस नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत, सॅम्पल घेऊन येणारा कारखाना आसपास नाही. युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेवर जातं, काम मात्र होत नाही. पुढच्या कॉलला मागचं काम दाखवता येत नाही, म्हणून निधी पुन्हा मोठ्या शहरातल्या संस्थेलाच मिळतो. दरी वाढत जाते.

युरोपियन युनियनने २०१४-२०२० या काळासाठी अट घातली: प्रादेशिक विकास निधीतून संशोधनाला पैसे हवेत, तर आधी ‘स्मार्ट स्पेशलायझेशन’चा आराखडा द्या. म्हणजे स्थानिक उद्योग आणि विद्यापीठांशी बोलून, आपल्या भागाची बलस्थानं पाहून मोजकी क्षेत्रं निवडा.

आपल्याकडे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या ‘पेअर’ योजनेत नामांकित संस्था ‘हब’ असते आणि राज्य विद्यापीठांसारख्या संस्था ‘स्पोक’. इथे विचारायचा प्रश्न असा: स्पोकमध्ये स्वतःची ताकद तयार होते, की ते फक्त हबची कामं करून देतात?

या विषयावर काम करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. खर्च झालेला निधी म्हणजे परिणाम नव्हे. उपकरण किती तास चाललं, बाहेरच्या किती जणांनी वापरलं, शिकलेली माणसं तिथेच टिकली का, हे मोजा. आणि पेटंट मोजताना अर्जदाराऐवजी संशोधकाचा पत्ता बघा. अर्जावर बऱ्याचदा मुख्यालयाचा पत्ता असतो, त्यामुळे लहान गावात झालेलं कामही महानगराच्या खात्यात जमा होतं.