पंचांचा निकाल आणि मल्लाचा हक्क

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची गादी विभागातली निर्णायक कुस्ती पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्यात लागली होती. पंचांनी राक्षेला चितपट ठरवलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत बघा, असं राक्षे सांगत राहिला. दाद मिळेना तेव्हा त्यानं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच रात्री मोहोळविरुद्धच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणांवरून चिडून, मोजके सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. किताब मोहोळकडे गेला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर उगारलेल्या लाथेला माफी नाहीच. तरीही चित्रफीत दाखवा ही मागणी रास्त होती. चितपट देताना मैदानातल्या पंचाला साइड पंच किंवा मॅट चेअरमनची संमती लागते, म्हणजे एकाच्या नजरेवर विसंबू नये हे नियमालाही मान्य आहे.

याच गायकवाडला जानेवारी २०२३मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत बाहेरील टांगेचे चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. सिकंदर धोकादायक स्थितीत गेलाच नव्हता, असं म्हणत त्याचे चाहते खवळले. पंचांना फोनवरून धमकी आली. सिकंदरनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावात राक्षेला हरवून किताब जिंकला. दर वेळी दुसरी संधी मिळतेच असं नाही.

वादग्रस्त निकालांचा हा भोग बॉक्सिंगनं फार आधीपासून भोगला आहे. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्सचे ८६ ठोसे बसले, पार्क सी-हुनचे ३२, सुवर्ण पार्कला. त्यानंतर बटणं दाबून गुण देणारी यंत्रणा आली, पण २०१२मध्ये लंडनला एकाच फेरीत सहा वेळा खाली पडलेला मॅगोमेद अब्दुलहमिदोव आधी विजयी ठरला आणि मग निकाल फिरवावा लागला. आपला विकास कृष्णनही तिथेच एरॉल स्पेन्सविरुद्ध जिंकून पुनरावलोकनात हरला. तो निकाल बोचला, पण नेमका असा फेरविचारच खेळाला हवा असतो. आपल्या सरितादेवीला २०१४मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तेवढंही मिळालं नाही. तिनं कांस्यपदक प्रतिस्पर्धी पार्क जी-नाच्या गळ्यात घातलं आणि सरितादेवीवरच वर्षभराची बंदी आली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मात्र प्रत्येक फेरीनंतर पंचांचे गुण दाखवले गेले. मागे आहोत हे खेळाडूला लढत चालू असतानाच कळू लागलं.

कुस्ती असो वा बॉक्सिंग, सुरुवात गावच्या मैदानावर होते. वसईच्या चिमाजी आप्पा मैदानावर दर डिसेंबरअखेर तालुका कला-क्रीडा महोत्सव भरतो. अशाच मैदानांवरून पोरं पुढे जातात. राज्याच्या सर्वोच्च आखाड्यात त्यांना दाद मागण्याची सोय हवी. वादाचा क्षण तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर दाखवावा, कोणत्या पंचानं काय कौल दिला ते ध्वनिक्षेपकावरून सांगावं, आणि निर्णयाची चौकशी झाली तर तिचा अहवालही मल्लावरच्या बंदीइतकाच उघडपणे जाहीर करावा.