ऑडिओ कन्सोलमध्ये ध्वनिमुद्रित संदेशाचे कार्ड बसविणे

रेल्वे स्थानक, रुग्णालय किंवा वसतिगृह येथील उद्घोषणा यंत्रणेत काही संदेश पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. आग लागल्यावर इमारत रिकामी करण्याची सूचना हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. अशा वेळी उद्घोषक जागेवर असेलच असे नाही. म्हणून आधी मुद्रित केलेला संदेश बटण दाबताच वाजविणारे एक छोटे कार्ड कन्सोलमध्ये बसवितात. काम वरवर सोपे दिसते. मात्र चूक राहिली तर ती नेमकी गरजेच्या क्षणी उघडी पडते.

उद्दिष्टे

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
• संदेशासाठी किती स्मृती लागेल ते काढणे
• वीजपुरवठा व ध्वनिपातळी जुळविणे
• कार्ड सुरक्षित क्रमाने बसवून त्याची चाचणी घेणे

१. स्मृतीचा हिशोब

कार्डावर मुख्यतः फ्लॅश मेमरी, नियंत्रक आणि अंकीय संकेताचे अनुरूप संकेतात रूपांतर करणारे परिपथ असतात. फ्लॅश मेमरी वीज गेली तरी पुसली जात नाही, म्हणून येथे ती वापरतात.

उदाहरण १: एका वसतिगृहात तीन भाषांत प्रत्येकी २० सेकंदांचा संदेश द्यायचा आहे. नमुना दर १६ किलोहर्ट्झ, प्रत्येक नमुना १६ बिटांचा.
दर सेकंदाला लागणारे बिट = १६,००० × १६ = २,५६,०००
६० सेकंदांसाठी = १,५३,६०,००० बिट
१६ मेगाबिट मेमरीत १,६७,७७,२१६ बिट मावतात. म्हणजे संदेश बसतो, पण जेमतेम साडेपाच सेकंद शिल्लक राहतात.

नमुना दर ८ किलोहर्ट्झ केला तर दुप्पट वेळ मिळेल. पण नायक्विस्टच्या नियमानुसार ४ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी गमवावा लागेल. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने ओळखण्यास हाच वरचा भाग मदत करतो. घुमणाऱ्या व्हरांड्यात शब्द स्पष्ट कळावेत यासाठी येथे काटकसर करू नये.

२. वीजपुरवठा

उदाहरण २: कन्सोलमध्ये २४ व्होल्ट उपलब्ध आहेत. कार्डाला ५ व्होल्ट लागतात आणि संदेश वाजताना ते १५० मिलिअँपिअर घेते. ७८०५ रेग्युलेटर वापरल्यास
उष्णतेत जाणारी शक्ती = (२४ − ५) × ०.१५ = २.८५ वॅट

हीट सिंक नसताना या रेग्युलेटरचे तापमान दर वॅटला सुमारे ६५ अंश सेल्सिअस वाढते. म्हणजे स्थिर अवस्थेत वाढ १८५ अंशांची! तिथवर पोहोचण्याआधीच त्याचे अंतर्गत संरक्षण पुरवठा तोडते.

आमच्या विद्यार्थ्यांनी एका वसतिगृहात बसविलेल्या कार्डाबाबत हेच घडले. जोडणी झाल्यावर संदेश एकदा वाजवून पाहिला, सर्वांनी समाधान मानले. पुढे आगीच्या सरावात संदेश सतत वाजवायचा होता. तो दुसऱ्या फेरीत मध्येच थांबला. परिपथाचा आराखडा बरोबर होता, उष्णतेचा हिशोब मात्र कोणी केला नव्हता. येथे स्विचिंग पद्धतीचा बक कन्व्हर्टर वापरावा आणि त्याच्या पुढे गाळणी परिपथ जोडावा.

३. ध्वनिपातळी जुळविणे

समजा कार्डाचे निर्गम +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट आहे आणि कन्सोलच्या आगमाला −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट अपेक्षित आहे. फरक सुमारे १२ डेसिबलचा. तसेच जोडल्यास आवाज फाटेल. १० किलोओहम एकसर आणि ३.३ किलोओहम ग्राउंडकडे, असा विभाजक लावल्यास
१.२३ × ३.३ ÷ १३.३ = ०.३०५ व्होल्ट

कार्डाच्या निर्गमावर डीसी व्होल्टेज असल्यास विभाजकाआधी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडावा. त्याची छेद वारंवारता सुमारे १२ हर्ट्झ येते, त्यामुळे बोलण्यावर परिणाम होत नाही.

४. बसविण्याचा क्रम

१) केवळ स्विच बंद करू नका, मुख्य प्लग काढा.
२) फिल्टर कपॅसिटर १ किलोओहम, २ वॅट रोधातून रिकामे करा. ४७०० मायक्रोफॅरडसाठी कालस्थिरांक ४.७ सेकंद, म्हणून किमान २५ सेकंद थांबा आणि मीटरने खात्री करा.
३) मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधूनच कार्ड पिशवीतून काढा.
४) कार्ड स्पेसरवर घट्ट बसवा, ट्रान्सफॉर्मरपासून शक्य तितके दूर.
५) कार्ड न जोडता पुरवठा सुरू करून व्होल्टेज व ध्रुवता मोजा. मग पुन्हा बंद करा.
६) रिबन केबलची रंगीत कड पिन १ कडे ठेवा.
७) ध्वनीची शील्डेड तार आणि पुरवठ्याच्या तारा शेजारून न्या. ग्राउंडच्या दोन वाटांमधले क्षेत्रफळ जितके कमी, तितकी गुणगुण कमी.

गुणगुण राहिलीच तर तिची वारंवारता पाहा. ५० हर्ट्झ असेल तर ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र शोधा. लूपवर १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हा उपाय आहे. १०० हर्ट्झ ठळक असेल तर पूर्ण-तरंग एकदिशकारकाच्या पुरवठ्यातील गाळणी अपुरी आहे.

५. प्राधान्य आणि सुरुवातीचा संकेत

संगीत सुरू असताना संदेश आला तर संगीत आपोआप दबले पाहिजे. प्राधान्याचा क्रम असा ठेवता येतो: आपत्कालीन मायक्रोफोन, आपत्कालीन संदेश, साधी उद्घोषणा, शेवटी संगीत. प्रत्यक्ष माणूस परिस्थिती पाहून बोलतो, म्हणून त्याला संदेशाच्या वर ठेवले आहे.

कार्ड सुरू करण्यासाठी बहुधा दोन टोके नुसती जोडावी लागतात. तेथे बाहेरचे व्होल्टेज देऊ नका. आगसूचक पॅनेलकडून व्होल्टेजचा संकेत येत असेल तर मध्ये ऑप्टोकपलर किंवा रिले वापरा. हा संपर्क नेहमी उघडा असल्यामुळे तार तुटली तरी कोणाला कळत नाही. म्हणून ठरावीक दिवशी पॅनेलपासूनच चाचणी घ्या, कार्डावरील बटणापासून नव्हे.

६. अंतिम चाचणी

• संदेश सलग ३० मिनिटे वाजवून रेग्युलेटरचे तापमान पाहा.
• संगीत पूर्ण आवाजात ठेवून संदेश सुरू करा.
• वीज घालवून परत आणा. संदेश शाबूत हवा आणि तो आपोआप वाजता कामा नये.
• सर्वांत दूरच्या खोलीत, दार लावून, शब्द कळतात का ते ऐका.

सारांश

स्मृती, उष्णता आणि पातळी यांचा हिशोब कागदावर आधी करावा, मगच कन्सोल उघडावा. एकदा वाजले म्हणजे काम झाले असे समजू नये. ज्या स्थितीत संदेश लागणार आहे, त्याच स्थितीत तो तपासावा.

स्वाध्याय

१. ८ किलोहर्ट्झ, १६ बिट दराने ९० सेकंदांचा संदेश १६ मेगाबिट मेमरीत मावेल का?
२. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा ७८०५ हा २०० मिलिअँपिअर देतो. पेटीतील तापमान ४० अंश असल्यास हीट सिंकशिवाय त्याचे अंतर्गत तापमान किती होईल? कमाल मर्यादा १२५ अंश धरल्यास हे चालेल का?
३. सुरुवातीच्या संकेताची तार तुटल्याचे आपोआप कळावे यासाठी परिपथ सुचवा.