जुन्या इमारतीचे नूतनीकरण आणि ख्रिस्ती आरोग्यसेवा : मुकुटबन परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ख्रिस्ती परंपरेत रुग्णसेवा आणि प्रार्थना ही दोन्ही 'आरोग्यदान' या एकाच सेवाकार्याची अंगे मानली जातात. असे कार्य अनेकदा जुन्या, वापरात नसलेल्या इमारतीत सुरू होते. अशा इमारतीचे नूतनीकरण करताना बांधकामशास्त्र, रुग्णसुरक्षा, कायदा व श्रद्धा या चार बाबींचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. खोल्यांची मांडणी हाच या प्रश्नाचा गाभा आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील, झरी जामणी तालुक्यातील गाव होय. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. परिसरात कापसाची शेती, चुनखडीचे साठे आणि गोंड व कोलाम समाजाची वस्ती आहे. कोलाम ही केंद्र शासनाच्या यादीनुसार विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक असून महाराष्ट्रात या यादीत कातकरी व माडिया गोंड यांचाही समावेश होतो.

या भागातील आजारपणाचे स्वरूप विचारात घेतल्याशिवाय कोणत्याही आरोग्यकेंद्राचा विचार पूर्ण होत नाही. शेतात काम करताना होणारा सर्पदंश ही येथील नित्याची भीती आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा रुग्णाच्या बाबतीत पहिला तास निर्णायक असतो. जुन्या वाड्यात, जिनिंगच्या आवारात किंवा रिकाम्या बंगल्यात सेवाकार्य सुरू करू इच्छिणाऱ्या संस्थेपुढचा खरा प्रश्न 'भिंती कशा रंगवाव्यात' हा नसतो. दारात आलेल्या रुग्णाला ही वास्तू किती लवकर आणि किती सुरक्षितपणे सामावून घेईल, हा असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी प्रदेशातील ख्रिस्ती वैद्यकीय कार्याचे, वास्तूच्या दृष्टीने, दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह रुग्णालयासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याचा. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे सुरू केलेले रुग्णालय आणि स्कॉटिश मिशनने १८९६ मध्ये नागपूर येथे सुरू केलेले म्युर मेमोरियल रुग्णालय ही त्याची ठळक उदाहरणे होत. यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनने कार्य केले व उमरी येथे रुग्णालय चालविले. यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली. संस्था स्थलांतरित होतात, इमारती मात्र मागे राहतात, आणि त्यांचे पुढे काय करावे हा प्रश्न उरतो.

दुसरा प्रवाह उपलब्ध वास्तूचा पुनर्वापर करण्याचा. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य वेल्लोर येथे शिकलेले होते. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना तेच रुग्ण तेच आजार घेऊन पुन:पुन्हा येतात, असा अनुभव त्यांना आला. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) जामखेड येथे आले. गावकऱ्यांनी त्यांना वापरात नसलेला जुना गुरांचा दवाखाना उपलब्ध करून दिला आणि तेथेच मानवी रुग्णांची सेवा सुरू झाली. आरोळे दांपत्याने आपले बळ इमारतीवर खर्च न करता खेड्यातील अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविण्यावर खर्च केले. प्रकल्पाच्या प्रारंभी परिसरात दर हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर पुढील काही दशकांत तिसाच्या आत आला. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हा प्रवाह केवळ ख्रिस्ती संस्थांपुरता मर्यादित नाही. विदर्भातच सेवाग्राम येथे बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया व बालकांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू झाला आणि त्यातून पुढे कस्तुरबा रुग्णालय विकसित झाले. जुनी वास्तू ही आरंभासाठी पुरेशी असते. मात्र सेवा वाढू लागताच ज्या गरजा त्या वास्तूत भागत नाहीत त्यांसाठी नवे बांधकाम करावे लागते, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.

वास्तूची परीक्षा

वऱ्हाडातील जुन्या इमारती सामान्यतः दगड, भाजलेली वीट किंवा माती यांच्या जाड भिंती, सागवानी तुळया व वासे आणि कौलारू छप्पर अशा स्वरूपाच्या असतात. त्यांचा पहिला शत्रू पायाखालची काळी माती हा होय. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्या हालचालीमुळे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. तडा दिसताच तो बुजविणे ही सर्वसामान्य चूक आहे. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर दिनांक लिहावा आणि एक पूर्ण पावसाळा व उन्हाळा निरीक्षण करावे. पट्टी अभंग राहिली तर तडा जुना व स्थिर आहे. ती फुटली तर पाया अजून हलतो आहे. दुसऱ्या स्थितीत प्रथम छपराचे व न्हाणीचे पाणी पायापासून दूर नेणारी पक्की नाली करणे आवश्यक ठरते. अनेक इमारतींचे दुखणे एवढ्यानेच निम्मे कमी होते.

दुसरा शत्रू ओल. जमिनीतील पाणी क्षारांसह भिंतीत वर चढते, पृष्ठभागावर वाळते आणि मागे पांढरे क्षार राहतात. यालाच भिंतीला लोणा लागणे असे म्हणतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. ती भिंतीत अधिक उंच चढते आणि काही वर्षांत गिलावा पोपड्यांसह सुटून येतो. चुन्याचा गिलावा मात्र सच्छिद्र असल्यामुळे भिंतीला वाळू देतो. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विरविला जातो आणि भिंतीवर लावल्यानंतर हवेतील कर्ब वायू शोषून पुन्हा चुनखडीच्या रूपात घट्ट होतो. या क्रियेस वेळ लागतो, म्हणून चुन्याचे काम घाईने करता येत नाही.

येथे मुकुटबन परिसराचे एक वैशिष्ट्य नोंदविण्यासारखे आहे. ज्या चुनखडीच्या बळावर २०२२ मध्ये मुकुटबन येथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला, तीच चुनखडी पारंपरिक चुन्याचाही कच्चा माल आहे आणि शेजारच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव चुनाभट्ट्यांसाठी परिचित आहे. सिमेंट दाराशी उपलब्ध असले तरी जुन्या भिंतीचे औषध चुना हेच आहे, आणि तोही दूरचा नाही.

छपराबाबतही असाच विवेक हवा. कौले काढून त्या जागी काँक्रीटची स्लॅब टाकण्याचा मोह स्वाभाविक असतो, परंतु मातीत रचलेल्या भिंती तो भार पेलू शकतीलच असे नाही. वाळवी लागलेला वासा बदलणे, आढ्याची डागडुजी करणे आणि फुटकी कौले नवी घालणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. मधल्या काळात कोणी ॲस्बेस्टॉसचे पत्रे घातले असतील तर ते फोडून काढू नयेत. त्यांतील तंतू फुप्फुसास घातक असल्यामुळे ते ओले करून, अखंड स्थितीत उतरवावे लागतात.

रुग्णालयाच्या गरजा आणि जुन्या भिंती

वास्तूचे हित आणि रुग्णाचे हित नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. प्रसूतिकक्ष, मलमपट्टीची खोली आणि शस्त्रक्रियागृह यांच्या भिंती गुळगुळीत, न झिरपणाऱ्या आणि वारंवार धुता येण्याजोग्या असाव्या लागतात. जुन्या भिंतीला मात्र श्वास घेणारा पृष्ठभाग हवा असतो. जुन्या भिंतीवर फरश्या चिकटविल्यास भिंत सडते. न चिकटविल्यास जंतुसंसर्गाचा धोका राहतो. या पेचात तडजोड करणे योग्य नाही. ज्या खोल्यांत पाणी, रक्त व निर्जंतुकीकरण यांचा संबंध येतो त्या आवारातील छोट्या नव्या बांधकामात असाव्यात आणि जुनी वास्तू बाह्यरुग्ण तपासणी, प्रतीक्षा, समुपदेशन, आरोग्यशिक्षण व प्रार्थना यांसाठी वापरावी, हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

एका बाबतीत मात्र जुनी इमारत नव्या इमारतीपेक्षा सरस ठरते, ती म्हणजे वायुवीजन. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत व समोरासमोर मोठ्या खिडक्या असलेल्या, १९५० पूर्वीच्या कक्षांत हवा अधिक वेगाने बदलते व त्यामुळे क्षयाच्या संसर्गाचा धोका कमी राहतो, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायुवीजनासाठी सर्वसाधारण कक्षात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवेचे प्रमाण सुचविले आहे. त्यामुळे खोटे छत टाकून व खिडक्या बुजवून वातानुकूलन यंत्रे बसविणे म्हणजे जुन्या वास्तूचा सर्वांत मोठा गुण नष्ट करणे होय.

विजेच्या बाबतीत मात्र जुने काहीही ठेवू नये. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा बालकांचा मृत्यू झाला. प्राणवायू, विद्युत उपकरणे व हलू न शकणारे रुग्ण जेथे एकत्र येतात तेथे लाकडी छप्पर ही जोखीम आहे. सर्व तारजोडणी नवी करणे, प्राणवायूची सिलिंडरे मुख्य वास्तूबाहेर ठेवणे आणि प्रत्येक कक्षाला बाहेर पडण्याचे दोन मार्ग ठेवणे यांस पर्याय नाही.

कायदेशीर चौकट

इमारत सार्वजनिक न्यासाच्या मालकीची असल्यास तिची विक्री किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. रुग्ण दाखल करून घ्यावयाचे असल्यास महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी करावी लागते. जैव-वैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आणि अग्निसुरक्षेसाठी राज्याचा २००६ चा अधिनियम लागू होतो. अपंग व्यक्तींच्या सुलभ प्रवेशासाठी उताराचा मार्ग हवा. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी हे त्याचे सर्वमान्य प्रमाण आहे. जुन्या वाड्यांची उंच जोती पाहता यासाठी अंगणातील बरीच जागा आधीच राखून ठेवावी लागते.

प्रार्थना आणि उपचार

ख्रिस्ती आरोग्यदानाची मुळे शुभवर्तमानातील रोगमुक्तीच्या कथांत आहेत. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना करून त्याला तैलाभ्यंग करावा, असा उपदेश आहे. त्याच नव्या करारात लूक याचा उल्लेख वैद्य म्हणून येतो. प्रार्थना आणि वैद्यक यांत विरोध आहे, असे ही परंपरा मुळात मानत नाही. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे भरलेल्या परिषदेने रोगमुक्ती हे केवळ डॉक्टरांचे नव्हे, तर संपूर्ण मंडळीचे कार्य असल्याचा विचार मांडला. त्यातून १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाला.

तथापि व्यवहारात धोका संभवतो. प्रार्थनेने बरे वाटेल या आशेने रुग्णाला उशिरा उपचार मिळणे, किंवा त्याने चालू औषधे सोडून देणे, या गोष्टी प्राणघातक ठरू शकतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्रादी उपाय करणे हा गुन्हा आहे. प्रार्थना व उपासना यांना मात्र हा अधिनियम बाध आणत नाही. ठरावीक रोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध घातले आहेत.

या मर्यादा केवळ फलकावर लिहून पाळल्या जात नाहीत. त्या इमारतीच्या मांडणीतच उतराव्या लागतात. रस्त्याच्या बाजूचा पहिला दरवाजा तातडीच्या उपचारकक्षाचा असावा. सर्पदंश किंवा विषबाधा झालेला रुग्ण बैलगाडीतून उतरो वा दुचाकीवरून, त्याची पहिली भेट परिचारिकेशी झाली पाहिजे. पुढील उपचारासाठी त्याला वणी किंवा यवतमाळला नेणाऱ्या वाहनाची जागाही त्याच दरवाजाशी असावी. प्रार्थनेची खोली शांत, सहज सापडणारी, परंतु उपचाराच्या वाटेत न येणारी असावी. गोंड, कोलाम, हिंदू, बौद्ध वा मुस्लिम रुग्णाला औषध घेण्यासाठी प्रार्थनेच्या खोलीतून जावे लागले, तर त्याच्या असहायतेचा गैरफायदा घेतल्यासारखे होईल. ज्याला तेथे जावेसे वाटेल तो स्वेच्छेने जाईल. अशा स्वेच्छेनेच प्रार्थनेलाही अर्थ प्राप्त होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. जुन्या इमारतीचे नूतनीकरण तिच्या मूळ साहित्याशी सुसंगत असावे. चुन्याच्या जागी सिमेंट आणि कौलांच्या जागी स्लॅब हे सोपे वाटणारे मार्ग वास्तूचे आयुष्य कमी करतात. जेथे वास्तूचे जतन आणि रुग्णाची सुरक्षितता यांत विरोध येईल तेथे रुग्णाला प्राधान्य देऊन ते कार्य नव्या बांधकामात हलवावे. प्रार्थना व उपचार यांच्या जागा परस्परांजवळ, पण स्वतंत्र असाव्यात. जामखेडचा अनुभव याही पुढचा धडा देतो. गुरांच्या जुन्या दवाखान्यात सुरू झालेले ते कार्य त्या चार भिंतींपुरते राहिले नाही; ते आरोग्यसेविकांच्या पायांनी खेड्यापाड्यांत पोहोचले. मुकुटबनसारख्या परिसरात जुनी वास्तू दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही संस्थेने निधीचा पहिला वाटा छपराला, दुसरा विजेच्या सुरक्षिततेला व उपचारकक्षाला द्यावा. आणि कोलाम पोडांवर जाऊन त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या सेविकेसाठीचा वाटा पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवावा. तिच्याविना उत्तम दुरुस्त केलेली वास्तूही रुग्णाची वाट पाहत रिकामी राहण्याची शक्यता आहे.